फ्रँचायझी दुसऱ्याच्या नावावर करताना : भाव बारा लाखांचा, हातात किती?

(जालना येथे व्यापारी आणि नवउद्योजकांसमोर झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



फ्रँचायझी घ्यायची कशी, यावर भरपूर बोललं जातं. प्रदर्शनं भरतात, कंपनीची माणसं येतात, चकचकीत माहितीपत्रकं वाटतात. पण घेतलेली फ्रँचायझी सोडायची वेळ आली, दुसऱ्याच्या नावावर करायची वेळ आली, तर काय खर्च येतो? त्याबद्दल कोणी बोलत नाही. आज तेवढंच बोलू.

ही वेळ कोणावरही येते. मुलगा पुण्याला नोकरीला लागतो, दुकान बघायला कोणी उरत नाही. भागीदारांचं पटत नाही. सलग दोन हंगाम पाऊस दगा देतो, गावाकडचा पैसा बाजारात येत नाही आणि गल्ला रिकामा राहतो. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन-कापूस-मोसंबीचा पैसा आला, तरच चहाच्या दुकानापासून मोबाइलच्या शोरूमपर्यंत सगळं हलतं. अनेक घरांनी शेतीतून आलेला पैसा घालून ही दुकानं उभी केलेली आहेत. म्हणून सोडताना हातात किती उरणार, हा त्या घराचा जिव्हाळ्याचा प्रश्न असतो.

तुम्ही नक्की काय विकताय?

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. फ्रँचायझी ही प्लॉटसारखी तुमच्या मालकीची वस्तू नाही. ती परवानगी आहे. ठरावीक काळासाठी, ठरावीक जागेवर, दुसऱ्याचं नाव वापरून धंदा करण्याची. मशीन तुमचं, फर्निचर तुमचं, माल तुमचा. वरची पाटी मात्र कंपनीची.

मग आपण ज्याला 'ट्रान्सफर' म्हणतो ते कायद्याच्या भाषेत काय असतं? बहुतेक वेळा जुना करार संपतो आणि कंपनी नव्या माणसाशी नवा करार करते. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ६२ मध्ये सर्वांच्या संमतीने जुन्या कराराच्या जागी नवा करार आणण्याची सोय आहे. म्हणजे टेबलाभोवती तीन माणसं लागतात : तुम्ही, घेणारा आणि कंपनी. दोघांनीच हात मिळवला आणि तिसऱ्याने मान हलवली नाही, तर व्यवहार झालाच नाही. खर्चाचं मूळ इथेच आहे. ज्याची संमती लागते, तो संमतीची किंमत मागतो.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. मॅकडोनाल्ड्सचं उदाहरण घ्या. उत्तर आणि पूर्व भारतासाठी कंपनीने १९९५ मध्ये विक्रम बक्षी यांच्याबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत कंपनी काढली. २०१३ मध्ये वाद पेटला. २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने त्या कंपनीच्या १६९ दुकानांचे फ्रँचायझी करार रद्द केले. शेवटी २०१९ मध्ये तडजोड झाली आणि बक्षी यांचा हिस्सा मॅकडोनाल्ड्सने घेतला. सहा वर्षं गेली. कोण बरोबर, कोण चूक, हा आपला विषय नाही. नावाचा मालक आणि दुकानाचा मालक वेगळे असले, की बाहेर पडायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, एवढंच ध्यानात घ्या.

अमेरिकेत फ्रँचायझी घेणाऱ्याला सही करण्याच्या किमान १४ दिवस आधी एक सविस्तर माहितीपत्र देणं कंपनीला बंधनकारक आहे. त्यात सगळी शुल्कं आणि हस्तांतरणाच्या अटी लिहाव्याच लागतात. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तुमचा करार हाच तुमचा कायदा. म्हणून घरी गेल्यावर पहिलं काम : कपाटातून करार काढा आणि हस्तांतरण, मुदत, डिपॉझिट आणि करार संपवणं, ही चार कलमं वाचा.

कंपनीच्या दारातला खर्च

इथे साधारण पाच गोष्टी येतात.

एक, हस्तांतरण शुल्क. काही करारांत ठरावीक रक्कम असते, काहींत मूळ फ्रँचायझी फीचे काही टक्के, काहींत विक्रीच्या किमतीचे टक्के. काही करारांत नुसतं लिहिलेलं असतं, 'कंपनी ठरवेल ते'. हे वाक्य सर्वांत महाग.

दोन, त्यावरचा जीएसटी. फ्रँचायझीच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. मोबाइलच्या किंवा कपड्याच्या दुकानदाराला तो इनपुट क्रेडिट म्हणून वळता करून घेता येतो. पण चहा-नाश्त्याची दुकानं, हॉटेलं साधारण ५ टक्क्यांच्या दरात असतात आणि त्या दरात इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्यांच्यासाठी ते १८ टक्के सरळ खिशातून जातात. एक लाखाचं शुल्क म्हणजे एक लाख अठरा हजार.

तीन, जुनी बाकी. रॉयल्टी, मालाची बिलं, जाहिरात निधी. हे चुकतं केल्याशिवाय ना हरकत पत्र मिळत नाही. मूळ डिपॉझिटमधून वळतं करणार का, ते लेखी विचारा.

चार, दुकान नवं करून देण्याची अट. पाटी बदला, रंग द्या, मशीनची सर्व्हिसिंग करा, नव्या डिझाइनचं काउंटर बसवा. हा खर्च विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, यावरूनच निम्मे व्यवहार अडतात. आधी ठरवा.

पाच, नव्या मालकाचं प्रशिक्षण. शुल्क तो भरेल म्हणतो, पण भाव पाडताना तेवढे तुमच्याच रकमेतून कापतो.

अजून एक कलम पाहा. बाहेरच्याला विकण्याआधी कंपनीला स्वतः घेण्याचा पहिला हक्क असतो का? असेल तर कंपनीच्या उत्तराची मुदत संपेपर्यंत तुमचा गिऱ्हाईक ताटकळतो. त्या काळात भाडं आणि पगार तुम्हीच भरत असता.

सरकारी कागदांचा खर्च

आता कर. इथे कागद कसा लिहिला, यावर लाखाचा फरक पडतो.

समजा तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत आहात. मशीन, फर्निचर, माल सुटा सुटा विकल्याचं बिल केलं, तर त्या त्या वस्तूच्या दराने जीएसटी लागतो. पण चालू धंदा जसाच्या तसा, देण्याघेण्यासकट दिला, तर त्या हस्तांतरणावर जीएसटी माफ आहे. सहा लाखांच्या मशीन-फर्निचरवर १८ टक्क्यांनी १ लाख ८ हजार होतात. केवळ कागदावर 'चालू धंदा' लिहून भागत नाही हं. धंदा खरोखर चालू स्थितीत दिला पाहिजे आणि करारातही तसंच असलं पाहिजे.

तुमच्या खात्यात इनपुट क्रेडिट शिल्लक असेल, तर ते आयटीसी-०२ हा फॉर्म भरून नव्या मालकाकडे देता येतं. त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं. त्याआधी घाईने नोंदणी रद्द करू नका.

घेणाऱ्यांनी हे ऐका. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे, धंदा घेतला तर मागच्या मालकाची हस्तांतरणापर्यंतची जीएसटीची थकबाकी तुमच्याकडूनही वसूल होऊ शकते. म्हणून शहाणा गिऱ्हाईक थोडी रक्कम सहा महिने, वर्षभर अडकवून ठेवतो. विकणाऱ्याने ते गृहीत धरावं. सगळे पैसे एकदम येतील या हिशेबावर मुलीचं लग्न किंवा घराचा हप्ता ठरवू नये.

आता उत्पन्नावरचा कर. स्वतः उभ्या केलेल्या गुडविलची खरेदी किंमत शून्य धरली जाते, त्यामुळे गुडविलपोटी मिळालेली रक्कम जवळपास पूर्ण नफाच ठरते. अख्खा धंदा एकरकमी विकला तर ३६ महिन्यांची रेषा महत्त्वाची आहे. त्याहून जास्त काळ धंदा तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो आणि त्यावर १२.५ टक्के दर लागतो. कमी असेल तर तुमच्या नेहमीच्या दराने कर. पस्तिसाव्या महिन्यात विकायला निघालेल्याने दोन महिने थांबून बघावं.

आणि रोखीचं काय? एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड, तोही घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्या माणसालाच. 'अर्धे चेकने, अर्धे कॅश' हा मोंढ्यातला जुना रिवाज इथे महागात पडतो.

बाकीचे खर्च छोटे आहेत, पण संख्येने बरेच. साध्या करारनाम्याला ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. खाण्याच्या पदार्थांचं दुकान असेल तर अन्न परवाना, वजनकाटा असेल तर त्याची पडताळणी, व्यवसाय कर, दुकान नोंदणी, महावितरणच्या मीटरवरचं नाव, हे सगळं नव्या मालकाच्या नावाने करावं लागतं.

जागा, बँक आणि माणसं

जागा भाड्याची असेल तर भाडेकरार तुमच्या नावावर आहे. घरमालकाला न विचारता दुसऱ्याला आत बसवता येत नाही. नव्या मालकाचा नवा करार होणार आणि घरमालक भाडं वाढवून मागणार. सरकारी खर्च त्यामानाने किरकोळ आहे. दरमहा २५ हजार भाडं, दीड लाख डिपॉझिट, मुदत तीन वर्षं धरू. एकूण भाडं ९ लाख. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात, ते ४५ हजार. झाले ९ लाख ४५ हजार. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे २,४०० रुपये. जालना आता महानगरपालिका आहे, म्हणून नोंदणी फी १,००० रुपये. खरा खर्च घरमालकाच्या मनात काय आहे त्यावर ठरतो. त्याच्याशी कंपनीच्याही आधी बोला.

बँकेकडे या. मशीन कर्जावर घेतलं असेल तर ते बँकेकडे तारण आहे. बँकेच्या ना हरकत पत्राशिवाय ते विकता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडल्यावर काही बँका, फायनान्स कंपन्या शुल्क लावतात. बदलत्या व्याजदराच्या कर्जांबाबत १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या छोट्या धंद्यांच्या कर्जावर रिझर्व्ह बँकेने असं शुल्क घेण्यावर निर्बंध आणले आहेत. तुमचं कर्ज कधीचं आणि कोणत्या प्रकारचं, ते पाहा.

योजनेतून कर्ज घेतलं असेल तर जास्त जपून. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं अनुदान तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवलेलं असतं. त्याआधी युनिट बंद केलं किंवा देऊन टाकलं, तर ते अनुदान हातचं जाऊ शकतं. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावाही लाभार्थ्याच्या नावावर असतो. नव्या मालकाला तो आपोआप मिळत नाही.

आणि माणसं. मागचे पगार, रजेचे पैसे, बोनस चुकता करा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि कोणाची सलग पाच वर्षं झाली असतील, तर ग्रॅच्युइटी येते. हिशेब सोपा : शेवटचा पगार गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. तेरा हजार पगार, सहा वर्षं, तर ४५ हजार. नवा मालक जुनी नोकरी धरून त्यांना पुढे घेणार असेल, तर तसं करारात लिहा आणि ती रक्कम कोण देणार तेही लिहा.

आता पूर्ण हिशेब मांडू

एक कल्पित उदाहरण घेऊ. अंबड चौफुलीजवळ चहा-नाश्त्याची फ्रँचायझी. पाच वर्षांचा करार, त्यातली तीन वर्षं आणि काही महिने झालेले. ठरलेला भाव १२ लाख. मशीन-फर्निचर ६ लाख, माल ५० हजार, गुडविल साडेपाच लाख. आकडे आपण समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

• कंपनीचं शुल्क, जीएसटीसह : १,१८,०००
• पाटी, रंग, मशीनची दुरुस्ती : ९०,०००
• दलाली, २ टक्के : २४,०००
• वकील, सीए आणि कागदपत्रं : ३०,०००
• हस्तांतरणाच्या काळात दुकान बंद, त्याचं भाडं-पगार : २०,०००

हस्तांतरणामुळे आलेला खर्च झाला २ लाख ८२ हजार.

• कंपनीची जुनी बाकी : ६०,०००
• कामगारांचं देणं : ४०,०००

हे एक लाख तसेही द्यायचेच होते, पण द्यायची वेळ आता आली.

• बँकेचं उरलेलं कर्ज : ३,८०,०००
• मुदतीआधी फेडीचं शुल्क : ९,०००

एकूण वजा ७ लाख ७१ हजार. बारा लाखांतून उरले ४ लाख २९ हजार. त्यातून अजून आयकर जायचाय. घरमालकाकडचं डिपॉझिट परत येईल, पण तो तुमचाच पैसा आहे, त्याला कमाई समजू नका.

बघा, गावभर चर्चा होते, 'अमक्याने दुकान बारा लाखांना विकलं'. आणि त्या माणसाच्या खात्यात येतात चार लाख. फसवलं कोणीच नाही. हिशेब फक्त सहीनंतर मांडला. हाच कागद सहीआधी तुमच्या हातात असेल, तर शुल्क कोणी भरायचं, दुरुस्ती कोणी करायची, यावर तुम्ही बोलू शकता. सहीनंतर बोलायला जागाच राहत नाही.

कधी कधी तर असंही निघतं, की दोन वर्षं करार संपेपर्यंत दुकान चालवून, मग पाटी काढून मशीन विकणं जास्त फायद्याचं. ते कळायलाही हिशेबच लागतो.

दोन गोष्टी पैशात दिसत नाहीत

पहिली, सुटका. कंपनीकडून लेखी घ्या, की अमुक तारखेनंतर तुमची जबाबदारी संपली. तुम्ही किंवा घरच्या कोणी वैयक्तिक हमी दिली असेल, तर तीही रद्द झाल्याचं पत्र घ्या. नाहीतर नव्या मालकाने रॉयल्टी थकवली की नोटीस तुमच्या दारात येते. दुकानातला क्यूआर कोड, ऑनलाइन ऑर्डरचं खातं, त्याला जोडलेला फोन नंबर त्याच दिवशी बदला. त्याची विक्री तुमच्या खात्यात जमा होत राहिली, तर कर खात्याच्या दृष्टीने ती तुमचीच.

दुसरी, पुन्हा तोच धंदा न करण्याची अट. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंद्याला आडकाठी करणारा करार एरवी रद्दबातल असतो. पण गुडविल विकलं तर अपवाद आहे. वाजवी हद्दीत तसाच धंदा करणार नाही, ही अट तुमच्यावर घालता येते. म्हणून विकून शेजारी स्वतःच्या नावाने चहा सुरू करायचा विचार असेल, तर ती हद्द किती अंतराची आणि किती काळाची, ते आधी वाचा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : वडिलांच्या नावावरची फ्रँचायझी माझ्या नावावर करायची आहे. घरातल्या घरात आहे, तरी शुल्क लागेल?*

कंपनीच्या दृष्टीने तुम्ही नवा माणूस. काही करारांत रक्ताच्या नात्यासाठी शुल्क माफ किंवा कमी असतं, काहींत नसतं. वडिलांनी मुलाला बक्षीस म्हणून दिलं तर मुलाला त्यावर आयकर लागत नाही. पण जीएसटी नोंदणी पॅनवर असते, त्यामुळे ती नवी घ्यावी लागेल. आणि दादा, हे वडील असताना करून घ्या. त्यांच्या पश्चात वारसांच्या सह्या, दाखले आणि कंपनीची मर्जी, तिन्ही सांभाळावं लागतं.

*प्रश्न : कंपनीला न सांगता, महिन्याला ठरावीक रकमेवर दुसऱ्याला चालवायला दिली तर?*

हे बऱ्याच ठिकाणी चालतं, मला माहीत आहे. शुल्क वाचतं असं वाटतं. पण परवाना तुमच्या नावावर, जीएसटी तुमच्या नावावर, वीजबिल तुमच्या नावावर. कोणाला विषबाधा झाली तर नोटीस तुम्हाला. कंपनीला कळलं तर करार रद्द, डिपॉझिट जप्त होण्याची भीती. वाचलेल्या लाखासाठी एवढी टांगती तलवार ठेवू नका.

*प्रश्न : आमचं कृषी सेवा केंद्र आहे. ते विकताना हाच हिशेब?*

ती फ्रँचायझी नाही, कंपन्यांची डीलरशिप आहे, पण हिशेब बराचसा तसाच. बियाणं, खतं, कीटकनाशकं यांचे तीन वेगळे परवाने, तेही माणसाच्या नावावर. घेणाऱ्याकडे लागणारं शिक्षण किंवा प्रमाणपत्र नसेल तर त्याला परवानाच मिळणार नाही, मग व्यवहार कसला? दोन गोष्टी खास तुमच्या. कंपन्यांच्या योजनांच्या क्रेडिट नोटा हंगामानंतर येतात, त्या कोणाच्या ते लिहून ठेवा. आणि शेतकऱ्यांकडची उधारी. ती वसूल कोण करणार, किती सूट धरून द्यायची, बुडाली तर कोणाची, हे ठरल्याशिवाय किल्ली देऊ नका. शक्यतो पीक बाजारात येऊन उधारी वसूल झाल्यावर, पुढचा खरीप भरण्याआधी व्यवहार करा. तेव्हा माल कमी, उधारी कमी, आणि हिशेब दोघांनाही स्वच्छ दिसतो.